सोसायटीच्या गेटवरचा दिनविशेष फळा : कामाच्या नोंदी, फेब्रुवारीअखेर ते एप्रिल २०२५

२७ फेब्रुवारी
आज मराठी भाषा गौरव दिन, कुसुमाग्रजांचा वाढदिवस (१९१२). सकाळपासून ग्रुपवर तेच ते फॉरवर्ड येत होते आणि संध्याकाळच्या मीटिंगमध्ये मी विषय काढलाच, की गेटजवळ वॉचमनच्या केबिनशेजारची भिंत रिकामी आहे, तिथे काळा फळा लावू आणि रोज सकाळी खडूने दिनविशेष लिहू. कमिटीने २००० रुपये मंजूर केले, वरचे लागले तर माझे. आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो, तीन विंग, ७२ घरं. मार्चपासून पाडव्याच्या पुढे एप्रिलअखेरपर्यंत एक सीझन करून बघायचं ठरवलं. दुसऱ्या कुठल्या सोसायटीत कोणी हे करणार असेल तर माझे गेले तसे पैसे आणि रविवार जाऊ नयेत म्हणून लिहून ठेवतेय.

१ मार्च, शनिवार
१२ एमएमचा कमर्शियल प्लाय, ४ बाय ३ फूट कापून आणला, ७८० रुपये. दुकानदार म्हणाला होता बाहेर लावणार असाल तर वॉटरप्रूफ घ्या, पण त्यात सहाशे जास्त जात होते आणि भिंतीवर वर बाल्कनी आहे, पाऊस लागणार नाही असा मी हिशोब केला. हा हिशोब चुकला, पुढे येईलच.

२ मार्च
पॉलिश पेपर मारला, प्रायमरचा एक हात, मग ब्लॅकबोर्ड पेंटचे दोन हात. दोन हातांत नीट अंतर ठेवा. मी चार तासांतच दुसरा हात मारला आणि ब्रशच्या रेघा तशाच राहिल्या, मग दुसऱ्या दिवशी परत घासून तिसरा हात. रविवार अख्खा गेला आणि सोमवारची संध्याकाळही.

१० मार्च
पहिला दिवस. सावित्रीबाई फुले यांची पुण्यतिथी (१८९७), पुण्यात प्लेगच्या साथीत रुग्णांची सेवा करताना त्यांनाच लागण झाली. खूप मनापासून लिहिलं, १२० शब्द, पाऊण तास लागला. आठ ते साडेनऊ गेटजवळ उभी राहिले आणि बघितलं. शाळेच्या बसला धावणारी मुलं, स्टेशनला जाणारी रिक्षा शोधणारी माणसं, कोणीही दुसऱ्या ओळीपुढे वाचत नव्हतं. अक्षरं दीड इंचाची होती, गेटपासून दिसतच नव्हती.

रात्री पुसलं तर 'सावित्रीबाई' हा शब्द फळ्यावर पांढरट उमटून राहिला. डस्टरने गेला नाही, ओल्या फडक्याने गेला नाही. सी विंगमधल्या एक काकू शाळेत चित्रकला शिकवायच्या, त्यांनी सांगितलं की नवा फळा आधी खडूवर घ्यावा लागतो. म्हणजे खडू आडवा धरून पूर्ण फळा पांढरा करायचा, कोरड्या फडक्याने पुसायचा, असं दोनदा. मगच पहिलं अक्षर काढायचं. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथे ठळक सांगतेय.

११ मार्च
आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून एमडीची पदवी मिळाली तो दिवस, ११ मार्च १८८६. शब्द ३५, अक्षर अडीच इंची. लोक थांबले! पण बी विंगच्या एका दादांनी विचारलं, आज संभाजी महाराजांचं बलिदान, ते कसं नाही? बरोबर होतं त्यांचं, ११ मार्च १६८९. मी दिवसाला एकच गोष्ट घ्यायची ठरवली होती आणि एका दिवशी दोन मोठ्या गोष्टी असतात याचा विचारच केला नव्हता. खाली जागा करून ओळ लिहिली. त्यावर दुसरे म्हणाले, आम्ही फाल्गुन अमावास्येला पाळतो, ती २९ तारखेला आहे.

१४ मार्च, धुळवड
लिहिलं होतं : १९३१ मध्ये आजच्या दिवशी मुंबईत मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला, भारतातला पहिला बोलपट. खाली आइन्स्टाइन (१८७९) आणि मुलांच्या आग्रहाने आमिर खान (१९६५). साडेदहाला पहिला फुगा बसला. दुपारी बारापर्यंत फळा गुलाबी झाला होता आणि पाणी खालच्या कडेने प्लायमध्ये शिरलं. मुलांना बोलले नाही, दोष माझा, सणाच्या दिवशी वर प्लॅस्टिक टाकायला हवं होतं.

१७ मार्च
आज तिथीने शिवजयंती, फाल्गुन वद्य तृतीया. गुलाबी डाग अर्धवट गेलेले, त्यावरच लिहिलं. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला होऊन गेली (१६३०), त्यामुळे सकाळी दोन जणांनी विचारलं की आज परत कशी. या प्रश्नाचा निकाल एकदाच लावायचा म्हणून संध्याकाळी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले (ही संस्था १ जून १८९३ ची, आपल्या गावात आहे हेच किती भाग्य). दोन तास बसले. समजलं ते असं. इंग्रजांच्या कागदांतल्या तारखा १७५२ पर्यंत जुन्या पंचांगाच्या, ज्युलियन. शिवकाळात त्या आजच्या कॅलेंडरपेक्षा १० दिवस मागे, १७०० नंतर ११ दिवस. १७५२ मध्ये इंग्लंडने २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर धरला आणि फरक मिटवला. पोर्तुगीजांनी मात्र नवं कॅलेंडर १५८२ पासूनच घेतलेलं. म्हणजे मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला ती घटना मुंबईच्या इंग्रजांच्या कागदात एका तारखेला आणि पोर्तुगीजांच्या कागदात ११ दिवस पुढच्या तारखेला पडणार, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. आपल्या बखरींत आणि शकावल्यांत (वर्षवार नोंदींत) तर तिथीच असते.

त्यामुळे फळ्याचा नियम केला. जुन्या काळातली घटना असेल तर तारीख आणि तिथी दोन्ही लिहायच्या. ठाण्याच्या किल्ल्याला नुसतं '१७३७' लिहिणार, कारण ११ दिवसांच्या फरकाने महिनाही बदलू शकतो. आणि कुठलीही तारीख दोन छापील ठिकाणी सापडल्याशिवाय फळ्यावर जाणार नाही.

१९ मार्च
प्लाय फुगला. खालची कड पाव इंचाने उकलली, पापुद्रे सुटले. धुळवडीचं पाणी तर होतंच, पण रोज सकाळी गाड्या धुणारा पोरगा पाइप तिथेच सोडतो हेही मी बघितलं नव्हतं. ७८० पाण्यात गेले. नवा बीडब्ल्यूपी (वॉटरप्रूफ) प्लाय १३८०. या वेळी सुताराकडून चारी कडांना बीडिंग पट्टी मारून घेतली, मागून आणि कडांनाही रंग दिला (पहिल्या वेळी मागची बाजू कोरीच होती, तिथूनच पाणी ओढलं), आणि भिंतीपासून अर्धा इंच सोडून बसवला म्हणजे मागे हवा खेळते. जमिनीपासून तीन फूट वर. सुतारदादांनी ६०० घेतले आणि काम चोख केलं.

२१ मार्च
फळा वाळतोय म्हणून आजचं कार्डशीटवर लिहून केबिनच्या काचेला चिकटवलं. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा जन्म १९१६, राणी मुखर्जीचा १९७८, दोघं एकाच तारखेचे. मला वाटलं होतं की मुलं राणी मुखर्जीपाशी थांबतील आणि मोठी माणसं खाँसाहेबांपाशी. एका आठवीतल्या मुलाने विचारलं शहनाई म्हणजे लग्नात वाजते तीच का, मी फोनवर खाँसाहेबांचं वादन लावलं आणि तो बस येईपर्यंत ऐकत राहिला. तेव्हापासून वाढदिवस नुसता 'अमुक यांचा वाढदिवस' असा लिहित नाही, त्या माणसाने काय केलं ते सहा शब्दांत लिहिते.

२३ मार्च
भगतसिंग, राजगुरू, सुखदेव. लाहोर, १९३१. फाशी २४ ला ठरली होती, ती आदल्या संध्याकाळीच दिली. राजगुरू आपल्या पुणे जिल्ह्यातल्या खेडचे, आता राजगुरुनगर. एक आजी म्हणाल्या, अगं पण हे तर व्हॅलेंटाइनच्या दिवशी ना, दरवर्षी मेसेज येतो. त्यांना शांतपणे सांगितलं की शिक्षा सुनावली ऑक्टोबर १९३० मध्ये आणि फाशी मार्चमध्ये, १४ फेब्रुवारीचा संबंध नाही. त्या तिथेच उभं राहून त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर फळ्याचा फोटो टाकून गेल्या. एवढ्या एका गोष्टीसाठी फळ्याचा सगळा खर्च मला वसूल वाटला.

खडूबद्दल. साध्या खडूची अक्षरं सकाळी ठीक दिसतात, आमची भिंत पश्चिमेची, दुपारी उन्हात फिकी पडतात. कुठेतरी वाचून साखरेच्या पाण्यात भिजवलेले खडू वापरले. अक्षर इतकं ठसठशीत आलं की मी खूश, आणि दुसऱ्या सकाळी 'राजगुरू'वर मुंग्यांची रांग. पुसायलाही गरम पाणी लागलं. आता साध्या पाण्यात दहा मिनिटं भिजवते. लिहिताना अक्षर दिसत नाही, वाळलं की उठून येतं, त्यामुळे ओळ सरळ राहावी म्हणून आधी दोरीला खडू चोळून दोघांनी ताणून फटका मारायचा, रेघ उमटते. वॉचमन मामा रोज एक टोक धरतात.

३० मार्च, पाडवा
शके १९४७ सुरू. पण सरकारी राष्ट्रीय पंचांगाचं १९४७ हे २२ मार्चलाच सुरू झालं, ते पंचांग १९५७ मध्ये २२ मार्चपासूनच लागू केलं होतं, १ चैत्र १८७९. हे दोन चैत्र मी शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहिले. गुढी बांधायला उतरलेल्या लोकांनी बराच वेळ वाचलं. आज कोणी प्रश्न विचारला नाही, नुसते वाचत राहिले, मला तेही आवडलं.

३१ मार्च
परत आनंदीबाई, आज जन्मदिवस (१८६५). माहेर कल्याणचं. 'कल्याण' शब्दाखाली रेघ मारली, कारण ११ तारखेला मी फिलाडेल्फिया मोठं लिहिलं होतं आणि आमच्या इथून कल्याण किती जवळ हे लिहिलंच नव्हतं. एमडी झाल्यावर वर्षभरातच, बाविशीच्या आत त्या गेल्या. आमच्या ए विंगची मुलगी मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिने फळ्याजवळ उभं राहून फोटो काढला.

२ एप्रिल
२०११, वानखेडे. विश्वचषक, श्रीलंकेवर ६ विकेट्सनी. मुलांनीच लिहिलं, गंभीर ९७, धोनी नाबाद ९१. मी फक्त ऱ्हस्वदीर्घ बघितलं.

३ एप्रिल
शिवाजी महाराजांची पुण्यतिथी, १६८०. नियमाप्रमाणे तिथीही लिहिली, चैत्र पौर्णिमा, म्हणजे यंदा १२ एप्रिल, हनुमान जयंती. या वेळी आज का आणि परत का असं कोणी विचारलं नाही. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझमधून गेले तीही आजचीच तारीख, पण ती ओळ १२ तारखेला गागारिनबरोबर (१९६१) घेणार. एका दिवशी दोन मोठी माणसं आली की दोघांनाही जागा कमी पडते.

५ एप्रिल
आज माझ्या हातून वाईट चूक झाली. गेल्या आठवड्यात मुलं मागे लागली होती की आमचेही वाढदिवस लिहा. म्हणून खालच्या कोपऱ्यात 'आज आपल्या सोसायटीत' असा चौकोन केला आणि सोसायटीच्या रजिस्टरवरून तारखा उतरवून घेतल्या. आज सकाळी त्यात बी विंगच्या एका काकांचं नाव लिहून शुभेच्छा दिल्या. काका गेल्या श्रावणात गेले. रजिस्टर जुनं होतं, आणि मी काकांच्या दिवसाला गेले होते, तरी रकान्यातलं नाव उतरवताना माझ्या डोक्यात आलं नाही.

काकू दूध घ्यायला खाली उतरल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी वाचलं, मग मी वाचलं. पुसायला हात उचलला तर म्हणाल्या, "राहू दे गं, तारीख बरोबर आहे." मी तरी पुसलं. संध्याकाळी घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा केला, दुसऱ्याच गोष्टी बोलल्या, रेल्वेच्या ऑफिसातल्या.

जे हे करतील त्यांनी यादी कधीही रजिस्टरवरून घेऊ नका. घरोघर चिठ्ठी फिरवा, ज्यांना हवं ते स्वतः लिहून देतील, मोठ्यांचं जन्मवर्ष घेऊच नका. मी चौकोन पुसला आणि आठ दिवस बंद ठेवला. चिठ्ठ्या आल्या त्या ३१, सगळ्या लहान मुलांच्या.

११ एप्रिल
महात्मा फुले, १८२७. १० मार्चला सावित्रीबाईंवर जे जास्तीचं लिहिलं होतं आणि कोणी वाचलं नव्हतं, त्यातलं एक वाक्य आज इथे बसलं. लिहायला १५ मिनिटं. पाऊण तासावरून इथे येण्याचं कारण वही. रविवारी बसून पुढच्या सात दिवसांची पानं तयार करायची, शब्द मोजायचे, ओळी पाडायच्या. सकाळी फक्त उतरवायचं.

१४ एप्रिल
बाबासाहेब, १८९१, महू. खाली २० मार्च १९२७ चं महाडचं चवदार तळं लिहिलं, कारण २० मार्चला फळा भिंतीवर नव्हता आणि तो दिवस चुकला याची मला चुटपुट लागली होती. वॉचमन मामांनी आज दोरीचं टोक धरलं नाही, मला म्हणाले आज मी लिहू का. त्यांचं अक्षर माझ्यापेक्षा मोठं आणि सरळ आहे. तीन ओळी त्यांनी लिहिल्या.

१६ एप्रिल
या दिवसासाठी मी महिनाभर थांबले होते. १८५३, शनिवार, दुपारी साडेतीननंतर बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामीत गाडी सुटली, १४ डबे, ४०० पाहुणे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आणि ती आली कुठे तर आपल्या ठाण्याला. ३४ किलोमीटर. पुढच्या वर्षी १ मे ला कल्याण. चार्ली चॅप्लिनचा जन्मही आजचा (१८८९), पण ठाण्यात आज त्याला एकच ओळ.

वरच्या अर्ध्यात एवढं लिहिलं, आगगाडी काढली (काढून दिली चित्रकलेच्या काकूंनी), खालचा अर्धा रिकामाच राहिला कारण मला शब्द वाढवायचे नव्हते. सात वाजता बी विंगच्या काकू उतरल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या, मग माझ्या हातातला खडू मागितला आणि खाली लिहिलं, 'ठाणे ते व्हीटी, ७.४२, लेडीज डबा, १९८४ ते २०१५.' आणि दूध घेऊन वर गेल्या.

मी खडू तिथेच कट्ट्यावर ठेवला. ऑफिसातून सहाला परत आले तर खालचा अर्धा भरला होता. ८.१३ फास्ट. ६.०५ कल्याण, रात्रपाळी. ठाणे–दादर, दादरला बदलून परळ, २२ वर्षं. एकाने नुसतं 'चौथी सीट' लिहिलं होतं. ट्रान्सहार्बर, ठाणे–तुर्भे, ९.२०. एका लहान अक्षरात, 'बाबांबरोबर एकदा, पावसात, चालत, रुळावरून.' कोणाचं ते मी शोधलं नाही.

१७ आणि १८ एप्रिल
पुसलं नाही. वहीतली दोन पानं तशीच राहिली.

१९ एप्रिल
आज पुसावं लागणार होतं. १९१० मध्ये आजच्या दिवशी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली, नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधासाठी. तो तुरुंग म्हणजे तोच १७३७ चा किल्ला, आमच्या इथून रिक्षाने दहा मिनिटं. हा दिवस ठाण्यात नाही लिहायचा तर कुठे लिहायचा. पण खालचा अर्धा पुसायला माझा हात होईना.

मामा म्हणाले वरचंच पुसा. तसं केलं. आगगाडी गेली, तिथे तीन नावं, तारीख आणि 'ठाणे तुरुंग' एवढंच, सगळ्यांत मोठ्या अक्षरात. खाली लोकांच्या गाड्या तशाच. सकाळी वाटलं होतं की विचित्र दिसेल, फाशीच्या खाली ८.१३ फास्ट. पण उलट लोक वरचं वाचून खाली आपली ओळ आहे का बघत होते आणि परत वर वाचत होते. कान्हेरे गेले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे, हे मी एका कॉलेजच्या मुलाला तोंडी सांगितलं तर त्याने नाव वहीत उतरवून घेतलं.

२० एप्रिल, रविवार
हिशोब. पहिला प्लाय ७८०, दुसरा १३८०, प्रायमर आणि पेंट ४६०, दुसऱ्या फळ्याचा पेंट २५०, ब्रश आणि पॉलिश पेपर १४०, बीडिंग २२०, सुतार ६००, खडू १८०, उन्हासाठी वरचं प्लॅस्टिक ३५०. एकूण ४३६०. कमिटीचे २०००, माझे २३६०. यातले १०३० सरळ वाया, पहिला प्लाय आणि जास्तीचा पेंट. सुरुवातीलाच बीडब्ल्यूपी घेतला असता तर हे वाचले असते.

खालची अक्षरं आज पुसली. फोटो काढून ठेवलेत, ज्यांच्या ओळी होत्या त्यांना विचारलं, सगळे हो म्हणाले. काकूंची ओळ पुसली गेली तरी पांढरट उमटून राहिली आहे. हा फळा तर खडूवर घेतलेला होता, तरी तीन दिवस ऊन खाल्ल्यावर बसली असणार. घासून पेंटचा एक हात मारला की जाईल. पुढच्या आठवड्याची पानं तयार आहेत, २४ ला सचिन, ३० ला दादासाहेब फाळके, १ मे चं अजून दोन ठिकाणी ताडून बघायचंय. पेंट डब्यात उरला आहे, मारलेला नाही.